सागरी मार्गाने गोव्यापर्यंत सायकल: आपली चाल कशी ठरवायची आणि कशी टिकवायची

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गाने सायकलवर गोव्याला निघालेली मंडळी बहुतेक वेळा एकाच पद्धतीने थकतात. पहिल्या दिवशी अलिबाग-रेवदंड्याचा सोपा रस्ता मिळतो, ताशी वीस-बावीसचा वेग लागतो आणि तोच पुढच्या सगळ्या दिवसांसाठी धरला जातो. मग बाणकोटची खाडी ओलांडली की रस्त्याचं खरं रूप दिसतं. खाडीच्या काठावरून सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर चढायचं, सड्यावर चार-पाच किलोमीटर उन्हात जायचं, पुन्हा गावात समुद्रसपाटीला उतरायचं, आणि गाव संपता संपता पुढचा चढ. दिवसभर हेच. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचाच असतो, पण उभा असतो आणि मागोमाग दुसरा येतो. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा समज घेऊन आलेला माणूस दापोलीच्या आसपास गुडघा धरून बसतो.

यात ताकद कमी पडते असं क्वचितच होतं. बिघडतो तो हिशेब. लोक वेग कायम ठेवायला जातात आणि त्यासाठी दम वाटेल तसा खर्च करतात. करायचं याच्या उलट: दम कायम ठेवायचा आणि वेगाला रस्त्याप्रमाणे कमीजास्त होऊ द्यायचं. हे कसं साधायचं ते क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतल्या आकड्यांवर उभी आहे.

## १. घरी असतानाच आपले दोन आकडे काढा

निघायच्या तीन-चार आठवडे आधी सलग दोन दिवस, रोज चार तास सायकल चालवा. जे सामान नेणार आहात ते सगळं लावून. रस्ता चढउताराचा हवा. पुणेकरांना खडकवासला-पानशेत आहे, कोल्हापूरकरांना पन्हाळ्याकडचा रस्ता, नाशिककरांना त्र्यंबकेश्वरची बाजू, मुंबईकरांना पेणहून अलिबागकडे जाताना लागणारी कार्ले खिंड.

दुसऱ्या दिवसाच्या तिसऱ्या तासात दोन गोष्टी नोंदवा.

पहिली, सपाट रस्त्यावरचा आरामाचा वेग. आरामाचा म्हणजे तेराचा पाढा मोठ्याने म्हणताना मध्येच धाप लागत नाही असा. पाढा तुटला तर वेग कमी करा आणि जिथे तो सलग म्हणता येईल तो आकडा लिहा.

दुसरी, चढाचा दर. शंभर मीटर उंची चढायला तुम्हाला किती मिनिटं लागतात? उंची मोबाइलवरच्या कुठल्याही सायकलिंग ॲपमध्ये दिसते. चढावर पूर्ण पाढा म्हणता येणार नाही, पण एका श्वासात चार-पाच शब्द निघाले पाहिजेत. एकेक शब्द सुटा पडत असेल तर तो दर तुम्हाला दिवसभर पेलणार नाही.

पहिल्या दिवसाचा पहिला तास मोजणीला घेऊ नका. तेव्हा स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन (शरीराचं साखरेचं इंधन) भरलेलं असतं, हवा थंड असते, उत्साह असतो. तो आकडा नेहमी फुगलेला निघतो, आणि बहुतेकांनी नेमका तोच लक्षात ठेवलेला असतो.

तपासा: दुसऱ्या दिवशीचा सपाटीचा वेग पहिल्या दिवसापेक्षा ताशी तीन किलोमीटरहून जास्त पडला, तर पहिल्या दिवशी तुम्ही जोरात गेलात. आठवड्याने पुन्हा मोजा.

## २. हळू जाता येईल अशी सायकल करून घ्या

यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर. हळू जायचं मनाने ठरवून भागत नाही, सायकलचे गिअर तशी परवानगी देतात का ते बघावं लागतं.

समजा रोड बाइक आहे, सगळ्यात हलक्या गिअरला पुढे ३४ दाते आणि मागे २८. मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवलं तर ही सायकल ताशी साधारण ९ किलोमीटरने चालते. त्याहून हळू जायचं तर पॅडलच्या फेऱ्या साठाच्या खाली येणार, म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जास्त जोर. आता तुम्ही, सायकल, सामान आणि पाणी मिळून शंभर किलो धरा. दहा टक्के चढावर ताशी ९ किलोमीटर राखायला अडीचशे वॉटहून जास्त ताकद लागते. हौशी सायकलस्वाराला तासन्‌तास पेलणारी ताकद याच्या बरीच खाली असते. याच चढावर पुढे २८ आणि मागे ३४ असतील, तर त्याच ६० फेऱ्यांत वेग ताशी ६ च्या आसपास येतो आणि ताकद साधारण १८० वॉट लागते. जुन्या एमटीबीचा (माउंटन बाइकचा) पुढचा २२ दात्यांचा लहान चेनरिंग असेल तर ताशी ५ पर्यंत उतरता येतं.

म्हणून निघण्याआधी सायकलच्या दुकानात जाऊन मागचा कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) मोठा बसतो का ते विचारा. बसत असेल तर तो खर्च करा. महागडी जर्सी, हलकी बाटली, कार्बनचा सीटपोस्ट यांतलं काहीही त्याच्याइतकं उपयोगी पडणार नाही. कॅसेट बदलला तर चेनची लांबी आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) दोन्ही तपासून घ्या. चेन आखूड पडली तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या दात्यांवर गेल्यावर डिरेलर ओढून तुटू शकतो.

सॅडलची उंची: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा. सामान पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्यांत ठेवा. पाठीवर सॅक घेऊन दमट हवेत सहा-सात तास बसलात की खांदे भरून येतात, पाठ घामाने भिजून राहते आणि सगळं वजन सीटवर येतं. आठ-दहा किलोच्या वर सामान जात असेल तर कपडे काढा. पंक्चरचं सामान काढू नका.

## ३. दिवस किलोमीटरने कापू नका

एकूण अंतराला दिवसांनी भागून मुक्काम ठरवणं ही या प्रवासातली सगळ्यात महाग चूक आहे. इथे दिवस दोन गोष्टींनी ठरतो: एकूण चढ आणि खाड्या.

चढासाठी असं करा. अंतराला आपल्या सपाटीच्या वेगाने भागा. आलेल्या वेळेत दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं मिळवा. उतारावर थोडा वेळ परत मिळतो तो यात धरलेला आहे, म्हणून घरी काढलेला चढाचा दर इथे जसाच्या तसा घालू नका; तो चढावर आपला दम तपासायला आहे. हे दहा मिनिटं सुरुवातीपुरते. दोन दिवस चालवून झालं की प्रत्यक्ष लागलेल्या वेळेवरून आपला आकडा काढा आणि पुढचे मुक्काम त्याने तपासा.

उदाहरण घ्या. ६५ किलोमीटर, एकूण चढ १,००० मीटर, सपाटीचा वेग १७. अंतराचे पावणेचार तास, चढाचे एक तास चाळीस मिनिटं. म्हणजे साडेपाच तास नुसतं पॅडल मारणं. नाश्ता अर्धा तास, दुपारची विश्रांती दीड-दोन तास, खाडीवर एक तास, पाणी आणि फोटो मिळून आणखी अर्धा. सकाळी साडेसहाला निघालेला माणूस चारच्या सुमारास पोचतो. डिसेंबरात सहानंतर लवकर अंधार होतो, तेव्हा दोन तास हाताशी राहिले. मला हे प्रमाण योग्य वाटतं. याहून लांब दिवस कागदावर आखला की त्याची भरपाई चढावर जोर लावून करावी लागते.

आता खाड्या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड आणि शेवटची तेरेखोल-केरी, इथे फेरीबोट लागते. काही ठिकाणी पुलांची कामं सुरू आहेत, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या गावात चौकशी करा की बोट चालू आहे का आणि पहिली किती वाजता सुटते. बोट चुकेल या भीतीने शेवटचे दहा किलोमीटर जिवाच्या आकांताने मारणारे खूप दिसतात. बोट पुन्हा येते. त्या दहा किलोमीटरांत गेलेला दम त्या दिवशी परत येत नाही.

सावधान: नकाशावर दोन गावं समोरासमोर दिसतात म्हणून जवळ मानू नका. मध्ये खाडी आहे की डोंगर, ते आधी बघा.

## ४. पहिला दिवस मुद्दाम कमी चालवा

पहिल्या दिवशी घरी काढलेल्या वेगापेक्षाही ताशी दोन किलोमीटर कमी ठेवा. पहिल्या तासात तर पायांना काम आहे असं वाटताच कामा नये. शरीर तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याआधी जोर लावला की पाय लवकर भरून येतात.

सायकल कॉम्प्युटरवर वेगाचा आकडा सतत दिसत असेल तर पडदा बदला. वेळ आणि अंतर पुरे. चढावर लागले की लोक तो आकडा दोन अंकी ठेवायला झगडतात, आणि दोन किलोमीटरच्या चढावर होतं काय ते बघा: ताशी ८ ने गेलात तर पंधरा मिनिटं, ताशी १० ने गेलात तर बारा. तीन मिनिटं वाचली. त्यासाठी पंधरा मिनिटांच्या जागी बारा मिनिटं, पण सव्वापट जोर लावावा लागला, आणि असे आठ-दहा चढ अजून बाकी आहेत.

तपासा: संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर आणखी तासभर चालवता आलं असतं असं वाटलं पाहिजे. नसेल वाटत, तर उद्याचा दिवस आजच लहान करा.

## ५. चढ: तळाशी हळू, माथ्यावरही हळू

फेरीबोटीतून उतरण्याचा क्षण फार फसवा असतो. अर्धा तास उभं राहून पाय थंडावलेले असतात. फळी टेकली की मोटारसायकली आणि गाड्या हॉर्न वाजवत सुटतात, त्यांच्या गडबडीत आपणही सुटतो, आणि बऱ्याच धक्क्यांवर चढ लगेच सुरू होतो. यावर सोपा उपाय आहे. बाजूला थांबा. सगळ्या गाड्या जाऊ द्या. दोन घोट पाणी प्या आणि पाच मिनिटांनी रिकाम्या रस्त्याने निघा.

मग चढाचा क्रम असा:

चढ सुरू होण्याच्या आधी गिअर हलका करा. अर्ध्या चढावर पूर्ण जोर पॅडलवर असताना गिअर बदलला की चेन अडकते किंवा पडते.

पहिला तृतीयांश सगळ्यात हळू. पाढ्याची परीक्षा इथे घ्या. चार शब्द एका श्वासात निघत नसतील तर अजून हळू.

बसून चालवा. उभं राहून चालवायचं ते फक्त पाठ-कंबर मोकळी करायला, दहा-पंधरा फेऱ्यांपुरतं. हात हँडलवर सैल. मुठी आवळल्या की खांदे आणि श्वास दोन्ही आवळतात.

वेग ताशी पाचच्या खाली गेला आणि सायकल डगमगायला लागली तर उतरा आणि ढकला. चढावर सायकल ढकलत चालणाऱ्या माणसाचा वेग फार मागे नसतो, आणि पायांचे वेगळे स्नायू कामाला येऊन दमलेल्यांना विसावा मिळतो. हर्णैहून आसूदमार्गे दापोलीला चढताना समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट वर यायचं असतं. तिथे मधला एखादा तुकडा चालत काढण्यात काहीही कमीपणा नाही. कमीपणा वाटतो म्हणून न उतरणाऱ्यांचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलतात.

माथा दिसला की जोर लावू नका. ही सवय सगळ्यांना असते आणि सगळ्यांना नडते. माथा ओलांडून सड्यावर शंभर-दोनशे मीटर त्याच हलक्या गिअरवर जा, श्वास खाली येऊ द्या, मग गिअर वाढवा.

उतारावर दोन्ही ब्रेक, थोडे थोडे, वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नका. कोकणातल्या वळणांवर बारीक खडी आणि जांभ्याची तांबडी माती साचलेली असते, आणि उतार संपता संपता गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतोच. उतारावर वेळ भरून काढायचा विचार सोडून द्या.

## ६. खाणंपिणं चालीचाच भाग आहे

शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन मर्यादित असतं. जोरात चालवलंत तर ते दोन-तीन तासांत संपत येतं आणि मग पाय अचानक सोडून देतात. हळू चालवलंत तर शरीर चरबीही वापरतं आणि साठा पुरतो. म्हणजे चाल बिघडली की भूक बिघडते, भूक दुर्लक्षिली की चाल बिघडते.

पहिल्या तासापासून खा, भूक लागण्याची वाट न बघता. तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. एक केळं आणि चार-पाच खजूर, किंवा केळं आणि चिक्कीचा मोठा तुकडा, एवढ्यात तासाचं भागतं. हे हँडलबारच्या पिशवीत हाताशी ठेवा. पॅनिअरच्या तळाशी ठेवलेलं खाणं कोणी खात नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. दिवसात दोन-तीन वेळा ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम. लघवी गडद पिवळी दिसली तर थांबून प्या.

नाश्त्याला घावन, आंबोळी, पोहे बिनधास्त खा. दुपारी मात्र माशांच्या पूर्ण थाळीवर आडवा हात मारून अडीच वाजता चढाला लागू नका. ती थाळी मुक्कामाला पोचल्यावर खा. दुपारी भात, आमटी, सोलकढी, आणि बारा ते तीनच्या मधले दीड-दोन तास सावलीत पडून राहणं. सड्यावर झाड नसतं, जांभा तापलेला असतो, आणि त्या वेळात काढलेले वीस किलोमीटर सकाळच्या तीसांपेक्षा जड जातात.

वाऱ्याचाही वेळेशी संबंध आहे. शाळेत वाचलेले मतलई आणि खारे वारे इथे रोज भेटतात. पहाटे जमिनीकडून मंद वारा, दुपारपासून समुद्राकडून जोराचा. थंडीत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो मागून किंवा उजव्या अंगाने मिळतो. गोव्याहून वर येणार असाल तर जास्तीत जास्त अंतर सकाळी अकराच्या आत उरका.

## ७. बरोबर कोणी असेल तर

दुसऱ्याच्या चालीने चालवणं, मग ती जास्त असो वा कमी, दोघांनाही थकवतं. सपाटीवर एकत्र जा, चढावर सुटे व्हा. भेटायची जागा आधी ठरवा: चढाचा माथा, अमुक तिठा, अमुक देवळाचा पार. मोबाइलची रेंज सड्याखाली जाते, त्यामुळे वाटेत फोन करून ठरवू म्हणणं चालत नाही.

भेटीच्या जागी एक नियम कडकपणे पाळा. शेवटचा माणूस आल्यावर घड्याळ सुरू होतं, आणि तिथून दहा मिनिटं सगळे थांबतात. बहुतेक गटांत उलट घडतं. पुढे पोचलेले वीस मिनिटं बसून ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत येतो आणि तो दिसला की सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. तीन दिवस असं झालं की तो माणूस परतीच्या एसटीची चौकशी करायला लागतो. मला याची मनापासून चीड येते, कारण तो अशक्त नसतो, त्याला फक्त बसू दिलेलं नसतं.

## ८. तिसऱ्या दिवशी सकाळी निर्णय घ्या

थकवा तिसऱ्या दिवशी वर येतो. त्या सकाळी अंथरुणातून उठण्याआधी एक मिनिट नाडी मोजा. घरी आराम करत असताना मोजलेल्या सकाळच्या आकड्यापेक्षा ती आठ-दहाने जास्त असेल, झोप तुटक झाली असेल, नाश्ता नकोसा वाटत असेल, तर यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की अर्धा दिवसच चालवा. तिन्ही जुळल्या तर थांबा. गणपतीपुळे, दापोली, मालवण अशा ठिकाणी एक दिवस जास्त राहायला कोणाचं मन मोडणार आहे?

गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सॅडल बहुधा खाली आहे किंवा गिअर जड लावता आहात. मागच्या बाजूने दुखत असेल तर सॅडल उंच आहे. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच बदला आणि आधीच्या जागी पेनाने खूण करून ठेवा. बसण्याच्या जागी कातडी लाल झाली असेल तर त्याच रात्री धुऊन कोरडी करून मलम लावा, आणि सायकलिंगची शॉर्ट रोज धुतलेलीच घाला.

सावधान: चक्कर, थंडी वाजून घाम थांबणं, उलट्या किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सायकल तिथेच सोडून सावलीत जा, अंगावर पाणी घाला आणि गाडी करून दवाखाना गाठा. इथे चालीचा प्रश्न उरलेला नसतो.

## ९. शेवटचा दिवस

वेंगुर्ल्यानंतर गोवा जवळ आल्याच्या आनंदात चाल सुटते, आणि पडझडही अशाच दिवशी होते. रेडीच्या पुढे तेरेखोलची बोट घेतली की गोव्याच्या मुख्य भागात केरीला उतरता. ओहोटीच्या वेळी बोटीसाठी थांबावं लागू शकतं. थांबायचं नसेल तर आरोंदा-किरणपाणीचा पूल आहे. त्याने अंतर वाढतं, म्हणून निर्णय रेडीतच घ्या, खाडीच्या काठावर नको.

केरीनंतर हरमलकडे रहदारी आणि भाड्याच्या दुचाक्या वाढतात. आरसा लावलेला नसेल तर इथे त्याची खरी गरज भासते. परतीला कोकण रेल्वेने येणार असाल तर सायकल पार्सलमध्ये नोंदवावी लागते. त्यासाठी गाडीच्या वेळेच्या बरंच आधी स्टेशनावर पोचा, पॅडल काढून ठेवा, हँडल फिरवून बांधा, आणि नावपत्ता लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी अडकवा.